सत्तेचाळीस नंबरचा फटका

उज्ज्वला : पट्टी काढू नका, बापू. खाली काय लिहिलंय ते पाहायचं नाही.

लालसिंग : काढून नाई राह्यलो. नुसता हात फिरवतो.

उज्ज्वला : तुम्ही हातानेच वाचता, मला माहीत आहे. ऐका. काठीचं डोकं एकच, सात नंबरच्या आयर्नचं. दांड्या तीन. लाल पट्टीची, पिवळीची, निळीची. मी पान्याने दांडी बदलत जाईन, तुम्ही फक्त चेंडू मारायचा. कोणती कडक, कोणती नरम, हे आधी कळलं की तुम्ही कडकच धरून बसाल.

लालसिंग : बसीन ना. एकतीस वर्षं कॅडी होतो हैदराबादच्या क्लबात. लोकाइच्या गोल्फच्या बॅगा वाह्यल्या. दांडी हाती आली का मले समजते, तिच्यावर कागद असो का नसो.

धुरपताबाई : समजते तं समजू द्या. पोरगी दोन गाड्या बदलून आली हैदराबादहून. क्लबाच्या दुकानात साहेबलोकाइले काठ्या मापून देते, तिच्यापुढे मोठे मोठे लोक गुमान उभे राह्यते. तुमी एक घडीभर उभे राहा.

लालसिंग : उभं राहाले मी कुठं नाई म्हणलो? मी थ्या रविवारी जाणार नाई म्हणलो. मंग माप घेऊन काय कराचं?

उज्ज्वला : जायचं की नाही ते नंतर ठरवू. क्लबाने जुन्या कॅडींना खेळायला बोलावलंय. नऊ होल. कॅडी खेळणार आणि मेंबर लोक पाहणार. असं कधी झालं नव्हतं, बापू. आणि पत्रावर तुमचा कॅडीचा सत्तेचाळीस नंबर नाही लिहिला. लालसिंग आडे लिहिलंय.

लालसिंग : वाचलं म्या.

धुरपताबाई : तीनदा वाचलं. चष्मा पुसून पुसून.

लालसिंग : तू टोपलं घेऊन तिकडे धुऱ्यावर हो. चेंडू पऱ्हाटीत गेले तं भेटणार नाई. उद्या वेचणीच्या बाया म्हणतीन, या झाडाले बोंडं आले का अंडे.

उज्ज्वला : चला, लाल पट्टी. ही डबी मागे ठेवलीय, ती काठीचा वेग सांगते आणि चेंडू किती लांब गेला ते. सोयाबीन कापलेल्या या ओळीवर उभे राहा. समोर ती बाभूळ धरा. रोज मारता तसं मारा.

(फटक्याचा आवाज. थोड्या थोड्या वेळाने आणखी दोन.)

उज्ज्वला : थांबा, बापू.

लालसिंग : काहून? चुकलं काई?

उज्ज्वला : पहिल्या फटक्याचा वेग ब्याऐंशी. दुसऱ्याचा चौसष्ट. तिसऱ्याचा एकोणऐंशी. दांडी तीच, माणूस तोच.

लालसिंग : डबीत बिघाड असन. ऊन लागलं तिले.

उज्ज्वला : डबी बरोबर आहे. हे फटके एका माणसाचे नाहीत. पहिल्याला तुम्ही पाय आपटलात. दुसऱ्याच्या आधी तीनदा कंबर हलवलीत. तिसरा मारून झाल्यावर काठी खांद्यावर टाकून उभे राहिलात, कोणी फोटो काढतंय अशासारखे. तुम्ही असे उभेही राहत नाही कधी.

लालसिंग : पह्यला कर्नलसाहेबाचा होता. दुसरा दाताच्या डाक्टरचा. तिसरा थ्या बँकवाल्या साहेबाचा.

धुरपताबाई : तरी मले वाटलं, हे कोण आलं आपल्या वावरात.

उज्ज्वला : मी तुमचा स्विंग मागितला होता, बापू.

लालसिंग : माहा कोणता?

उज्ज्वला : कोणता म्हणजे?

लालसिंग : सोमवारी क्लब बंद राहे. थ्या दिवशी कॅडी लोकाइले मारू देत चार चेंडू. मी नवा होतो, वीस-बावीसचा. एका सोमवारी कर्नलसाहेब आले अचानक. मी मारून राह्यलतो, चेंडू बरा गेला. थे म्हणाले, 'सैंतालीस, अब मेरे जैसा मार के दिखा.' म्या पाय आपटला, मिशीले पीळ देल्ला अन् मारला. साहेब पोट धरून हासले. दुसऱ्या रोजी चार जणाइले घेऊन आले. डॉक्टर का दिखा, बँकवाले का दिखा. जो हासे थो मलेच बॅग दे. मी एवढुसा तांड्यावरचा माणूस, मले काम पायजे होतं. मंग तेच चाललं. चाळीस लोकाइचे फटके येते मले. माहा तेवढा राहून गेला.

उज्ज्वला : दुकानात अजून विचारतात मला. 'तू सैंतालीस की बेटी ना? नकल आती है क्या तेरे को?'

लालसिंग : मंग तू काय म्हणते?

उज्ज्वला : म्हणते, नक्कल नाही येत, माप घेता येतं. उभे राहा नीट.

लालसिंग : हे तू मले कधी सांगतलं नाई.

उज्ज्वला : तुम्ही तरी कुठे सांगितलंत. म्हणून जायचं नाही का रविवारी?

लालसिंग : तिथं पाय ठेवला का सगळे म्हणतीन, लालसिंग, कर्नल दाखव. कर्नलसाहेब मेले, बेटा. दोन वर्षं झाले. चांगला माणूस होता. त्याइचा फटका मारून लोकाइले हासवाचं मले आता नाई जमणार. अन् थो नाई मारला, तं काय मारू? सगळे गोल करून उभे राह्यतीन अन् मी काठी घेऊन नुसता उभा.

उज्ज्वला : मी दिवसाला दहा जणांचे स्विंग पाहते. माणूस दारातून आत आला की चालीवरून ओळखते, याला कोणती दांडी लागेल. तुमचंच मला सांगता येत नाही. तुम्ही वर्षातून पंधरा दिवस घरी यायचात. मी तुमच्या खांद्यावर बसून तांडाभर फिरायचे. वरून काय दिसणार तुमचा स्विंग?

लालसिंग : डाव्या खांद्यावर बसत होती. बॅगेची जागा थे. थो खांदा आता खाली उतरला, हे पाय.

धुरपताबाई : म्या पाह्यला हाय, तुह्या मायनं.

उज्ज्वला : काय पाहिलंस, याडी?

धुरपताबाई : याइचा फटका.

लालसिंग : तुले काय समजते फटक्यातलं.

धुरपताबाई : समजत नाई. पण डोये तं हायेत. सात वर्षं झाले तुमाले घरी येऊन. रोज सकाळी गोठ्याच्या मांगं जाता. तुराटीची काडी घेता हाती. तुमाले वाटते, हे आंगण झाडून राह्यली. मी झाडू धरून नुसती उभी राह्यते.

लालसिंग : रोज?

धुरपताबाई : पाऊस नसला तं रोज. चेंडू नाई काई नाई. काडी गवताच्या शेंड्यावरून जाते. तवा तुमी पाय नाई आपटत, कंबर नाई हालवत. हात वर गेले का जरासे थांबता, कोणाची वाट पाह्यल्यावानी. मंग हळू खाली आणता. थो कोण्या साहेबाचा नाई. साहेबलोक एवढं हळू कायले मारतीन.

लालसिंग : सात वर्षं पाह्यते अन् एका शब्दानं बोलली नाई.

धुरपताबाई : बोलली असती तं तुमी बंद केलं असतं.

उज्ज्वला : बापू, तुराटी आणू का?

लालसिंग : नोको. दे थे काठी. अन् उज्ज्वला, तू जराक तिकडे तोंड कर.

उज्ज्वला : मी पाहिलं नाही तर माप कसं घेऊ?

लालसिंग : डबी पाह्यते ना. पह्यले तीन डबीले पाहू दे.

उज्ज्वला : बरं. वळले. मारा.

धुरपताबाई : हाच. हाच थो.

उज्ज्वला : अडुसष्ट. परत.

लालसिंग : किती?

उज्ज्वला : सदुसष्ट. अजून एक. अडुसष्ट. बापू, तिन्ही एकाच माणसाचे आहेत. आता वळू मी?

लालसिंग : वळ.

उज्ज्वला : परत मारा. हं. वर थांबता तुम्ही, खरंच. याडी म्हणाली तसंच. आणि डावा खांदा उतरलाय म्हणून काठी थोडी आडवी जाते, पण दर वेळी तेवढीच जाते. हे चांगलं आहे.

लालसिंग : मंग चेंडू काहून सरळ जाऊन नाई राह्यला?

उज्ज्वला : लाल दांडीने चेंडू जमिनीलगत निघतोय आणि बाभळीच्या उजवीकडे चाललाय. हाताला कसं लागतं?

लालसिंग : दगडावर सब्बल मारल्यावानी. कोपरापर्यंत झिणझिण्या येते. हे पोलादाची हाय. एस, म्हंजे कडक. पट्टी काढाचं कामच नाई.

उज्ज्वला : नाही काढायची तरी. आता पिवळी.

लालसिंग : हे बरी हाय. पण खाली येताना मलेच ओढा लागते तिले. आपल्या मनानं येत नाई. हे ए हाय ना? म्हाताऱ्याइची?

उज्ज्वला : नंतर सांगते. पंचाण्णव यार्ड, अजून थोडा उजवीकडे. द्या इकडे. ही निळी. पाच-सहा मारा, घाई करू नका.

धुरपताबाई : अवो, चेंडू कुठं गेला? मले दिसलाच नाई.

लालसिंग : वर पाय. अजून वरच हाय. थो पाय, बाभळीच्या सरळ.

उज्ज्वला : एकशे बारा. वेग तोच, अडुसष्ट. तुम्ही जोर नाही लावलात.

लालसिंग : लावलाच नाई. वरती मी थांबलो, तं थे पण थांबली माह्यासंग. मंग दोघं मिळून खाली आलो. दे, आणखी एक ठेव.

उज्ज्वला : ठेवला.

लालसिंग : आणखी ठेव.

धुरपताबाई : चेंडू सरले आता. मी वेचून आणते, तोपर्यंत दम घ्या.

उज्ज्वला : सात मारलेत. सहा बाभळीच्या रेषेत. सातव्याच्या वेळी तुम्ही हसत होतात.

लालसिंग : मले हेच पायजे. काढ पट्टी.

उज्ज्वला : बापू...

लालसिंग : काढ ना. घाबरते काहून?

उज्ज्वला : एल आहे.

लालसिंग : ए च्याही खालची?

उज्ज्वला : हो. सगळ्यात नरम. बायकांसाठी म्हणून विकतात. पण ते कंपनीने लावलेलं अक्षर आहे. तुमचा वेग कमी आहे आणि वर थांबा आहे, त्याला ही जुळते. कडक दांडी हळू हाताला वाकतच नाही, म्हणून चेंडू...

लालसिंग : मले नोको शिकवू. दाताच्या डाक्टरले मीच सांगतलं होतं थे. त्याइले ए लागे, पण थे एस च्या खाली उतरेत ना. शेवटी म्या दुकानवाल्याले म्हणलं, ए बसव अन् वरून एस चा कागद लाव. डाक्टरसाहेब जलमभर खूश राह्यले. तुह्याजवळ हायेत काय तसे कागद?

उज्ज्वला : आहेत, पिशवीत. ठेवावे लागतात. रोज एखादा तरी डॉक्टर येतोच.

लालसिंग : मंग माह्या दांडीवर काहून नाई लावला? मले समजलं असतं म्हून?

उज्ज्वला : गाडीत विचार आला होता. नरम निघाली तर लावून टाकू, बापू आनंदाने जातील. पण आज पहिल्यांदा तुमचा स्विंग पाहिला. त्याच्यावर पुन्हा दुसऱ्या कोणाचं अक्षर चिकटवायचं? माझा हात नाही झाला.

लालसिंग : राहू दे मंग. एल तं एल. ज्याले वाचाचं थो वाचन.

धुरपताबाई : हे घ्या, अठरा भेटले. दोन पऱ्हाटीत राह्यले. काय झालं? एल म्हंजे काय हो?

लालसिंग : एल म्हंजे लालसिंग.

धुरपताबाई : खरं काय, उज्ज्वला? नाव टाकून देते काय दुकानात?

उज्ज्वला : खरं आहे, याडी.

लालसिंग : उठ बेटा, रडू नोको. ग्रिप जराक जाड कर इची. माहे बोटं पह्यल्यासारखे वळत नाई.

उज्ज्वला : करते. आतून दोन पट्ट्या जास्त गुंडाळते. म्हणजे जाणार ना रविवारी?

लालसिंग : अन् कर्नल दाखव म्हणले तं?

धुरपताबाई : तं म्हणा, थे गेले. मी आलो हाव.

लालसिंग : बोलाले सोपं हाय. अन् बॅग कोण उचलन? एखाद्या मेंबरसाहेबानं उचलली तं मले चालणं होणार नाई. मांगं वळू वळू पाहीन.

उज्ज्वला : मी उचलते.

धुरपताबाई : तू दुकानातल्या लोकाइसंग राह्य. बॅग मी उचलते. चार काठ्याइचं काय वझं? एकतीस वर्षं तुमी तिथं अन् मी इथं. कुठून कुठं चालत होते तुमी, थे तरी पाहू द्या मले.

लालसिंग : कॅडीचे कायदे असते, धुरपता. बोलाचं नाई. आपली सावली चेंडूवर पडू द्याची नाई. मारणाऱ्याच्या नजरेत तं उभंच राहाचं नाई.

धुरपताबाई : मंग कुठं उभी राहू, थे सांगा.

लालसिंग : समोर राह्य. मले दिसशीन अशी.