खिशातला पेन ड्राइव्ह

— नाही नाही मॅडम, ओढतो ना, मीच ओढतो. लिहा तुम्ही. ज्योतीराम, चाकणची कंपनी, पेंट शॉप. कधीपासून? आता ते... लिहा की, बऱ्याच वर्षांपासून. दिवसातून किती वेळा ते नका विचारू, शिफ्टवर असतं. आणि तो भिंतीवरचा काळ्या फुप्फुसाचा फोटो जरा उलटा करा बघू, माणूस व्यसन सोडायला आलाय, त्याला भेदरवून परत कशाला पाठवता?

पकडलं कसं ते ऐका, असली केस आली नसेल तुमच्याकडे. आमच्या गेटवर बिडी-काडी, लायटर, सगळं जमा करायचं — रंगाचं काम, ठिणगी पडली तर अख्खी शेड जाईल. पण त्याहून मोठा गुन्हा म्हणजे पेन ड्राइव्ह. गाडीची ड्रॉइंग चोरून न्याल म्हणून. काडेपेटी सापडली तर शिव्या, पेन ड्राइव्ह सापडला तर कायमचं घरी. आणि माझ्या शर्टाच्या खिशात सिक्युरिटीला सापडलं ते — चपटं, निळं, एका टोकाला चार्जिंगचं भोक. मी पण लगेच म्हटलं, हो, पेन ड्राइव्हच आहे, घरी विसरला होता, सुटल्यावर मारुंजीला नेऊन द्यायचाय. असं कोण बोलतं गेटवर? पण मला काय माहीत ते — म्हणजे, झोपेत होतो हो, फर्स्ट शिफ्ट.

मग एचआरच्या केबिनमध्ये वरात. रणजीत साहेबांचा चेहरा असा, की मी अख्खी कंपनी खिशात घालून चाललोय. कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं, त्यानं वायर लावली, लाइट लागला, पण फाइल काही दिसेना. साहेब म्हणतात, पासवर्ड सांग. मी म्हणतो, कसला पासवर्ड? शेवटी कॉम्प्युटरवाल्यानं ते हुंगलं आणि म्हणाला, सर, हा पेन ड्राइव्ह नाही, व्हेप आहे, बॅटरीवरची सिगारेट. आंब्याचा. आंब्याचा, मॅडम. आता बोलायचं काय? पेन ड्राइव्ह म्हणावं तर नोकरी जाणार. दुसऱ्याचं म्हणावं तर विचारणार कुणाचं — आणि आमच्या कॅन्टीनमध्ये एखादं नाव फिरायला ताटात डाळ पडेपर्यंतचा वेळ पुरतो. म्हटलं, माझंच आहे साहेब, आंबा आवडतो मला. त्यांना काही पटेना, म्हणाले, ओढून दाखव. दाखवलं ओढून. असा खोकला आला — डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, टेबलावरचा गणपती आडवा. त्यावर साहेब काय म्हणावेत? याची फुप्फुसं पार कामातून गेलेली दिसतात, ताबडतोब समुपदेशनाला पाठवा. अहो, पन्नाशी उलटली, या तोंडात कधी सुपारी — कधीमधी सुपारी असायची, ते जाऊ द्या.

तर विचारायचं होतं ते असं. हे सुटतं ना? वास आंब्याचा असला तरी आत निकोटीनच ना? बंदी आहे म्हणतात याच्यावर, मग मिळतं कुठून? आणि सोडताना माणूस चिडतो म्हणालात, ते किती दिवस? फोन उचलत नाही, जेवत नाही, एका शब्दावरून तुटून पडते — पडतो. मी पडतो. तलफ आली की थोडा वेळ टाळायची, पाणी प्यायचं, हात कामात घालायचे, हं, तेवढं समजलं. पण खोलीवर एकटंच असेल माणूस, पुढ्यात लॅपटॉप, कानात साहेबाची कटकट, तर त्यानं बोलायचं कुणाशी? फोनवर मराठीत बोलणारं कुणी मिळतं का? आणि ते निकोटीनचं च्युइंगम — जरा चावायचं, मग गालात धरायचं, तंबाखूचा बार धरतात तसं — बायकांना चालतं का ते? असंच विचारलं. माहिती असावी.

असं बघू नका मॅडम. मुलगी कुठून आली मध्येच? आहे मला मुलगी, अबोली, हिंजवडीला नोकरी, मारुंजीत खोली, पण तिचा काय संबंध? आम्हाला सुट्टी गुरुवारी, तिला शनिवार-रविवार, कधीतरी एकमेकांचं तोंड बघतो आम्ही. त्या दिवशी फोन केला तिला. म्हटलं, बाळा, तुझा पेन ड्राइव्ह गेटवर जमा झाला. म्हणाली, राहू द्या पप्पा, महत्त्वाचं काही नव्हतं त्यात. आणि ठेवताना विचारते, पप्पा, तुम्हाला कुणी काही बोललं का? रडत होती, मॅडम. मी चांगला फैलावर घेणार होतो तिला, शब्द न् शब्द ठरवून ठेवला होता. तोंडातून निघालं काय, तर जेवलीस का. फार वाईट वाटलं मला. अजून वाटतंय.

पुढच्या वेळी शनिवारी बोलवा, मी शिफ्ट बदलून घेतो. आणि घरचं माणूस सोबत आणायचा नियम आहे असं तिला फोनवर सांगा, नंबर देतो मी. नसला नियम तर आजपासून करा. ती येईल, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत मोबाइलमध्ये डोकं घालून बसेल. तिला काही विचारू नका. काय सांगायचं ते मला सांगा — सोडायचं कसं, मध्येच घसरलं तर परत सुरुवात कशी करायची. रागवायचं तर मलाच रागवा. फक्त जरा मोठ्यानं बोला, तिच्यापर्यंत गेलं पाहिजे.

चला, लिहा आता. कोण ओढतं? ज्योतीराम ओढतो. निघतो मी, बस चुकेल.