आधी कोपर, मंग तोंड

मी मूळची खोडदची, भाऊ. त्या आभाळातलं टिपनाऱ्या मोठाल्या अँटेना हायेत ना, त्यांच्या पलीकडं आमचं वावर. बाप माझा कांदेवाला, दोन यत्ता शिकलेला, पन लई चिकित्सक मानूस. औषधाच्या दुकानदारानं किती बी सांगितलं की हे नवं आलंय, समदे नेत्यात, तरी बाप पहिल्यांदा विहिरीकडच्या चार सऱ्यांवरच फवारायचा आन् तिथं एक काठी रोवून ठेवायचा. मंग चार दिस रोज जाऊन पात बोटात धरून बघायचा, करपली नाय तर वावरभर. आई करवादायची, बाकीच्यांच्या फवारन्या उरकल्या, तुमी बसा पात बघत. बाप म्हनायचा, वावर माझं हाये, दुकानदाराचं न्हाई. हे तुमाला आधीच का सांगितलं ते पुढं कळंल.

लग्न झालं ते पारगावात. मालक साखर कारखान्यावर, घरात सासू, दीर, धाकटी जाऊ. पोरं शाळेला जायला लागली तवा मी मंचरला पार्लरचा कोर्स केला आन् तिथंच बसस्टँडच्या मागल्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेतली. खुर्ची एक, आरसा एक, पंखा बी एकच, तो बी करकर करनारा. आज सोळा वर्सं झाली. मंचरात मला सुनंदाताई म्हनून वळखत्यात, आन् माघारी काय म्हनत्यात ते बी मला ठावं हाये. कोपरवाली म्हनत्यात.

आता त्याचं काय झालं, सुरवातीला मी बी लई शानी व्हते. कोर्समधल्या मॅडमनी शिकवलं व्हतं की नवी वस्तू आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघायची, पन गिऱ्हाईक दारात उभं असताना कोन थांबतंय? जवळच्याच गावची एक नवरी आली, दुसऱ्या दिवशी हळद, आन् मी नवीन कंपनीचं ब्लीच आनलं व्हतं, ते सरळ तोंडाला लावलं. पोर म्हनली, ताई, आग व्हतीये. मी म्हनले, व्हती थोडी, मंगच उजळतं. काय सांगू तुमाला, संध्याकाळपर्यंत पोरीचं तोंड हे एवढं सुजलं, डोळं दिसंनात. फोटोत समदीकडं तिनं पदर तोंडावर धरलाय. आठ दिवसांनी तिची आई आली, मला वाटलं भांडंल, पन ती भांडली न्हाई. नुस्तं म्हनली, बाई, तुमच्या हवाली केली व्हती. त्यापरीस दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रात्री मला बापाची काठी आठवली, त्या सऱ्यांतली.

तवापास्नं माझा नेम हाये. नवं काय बी असूं दे, माझं असूं दे का तुमी आनलेलं, आधी कोपराच्या आतल्या वळीत वाटान्याएवढं लावायचं, भवती पेनानं गोल काढायचा आन् घरी जायचं. तसंच रोज लावायचं, दोन-चार दिस बघायचं. लाल झालं, खाजलं, तर धुवून टाकायचं आन् त्या वस्तूचं नाव सोडायचं. आन् एका वेळी एकच वस्तू. आन् लग्नाच्या आधी पंधरा दिस नवं काय बी न्हाई. एवढंच, यात काय अवघड हाये सांगा बरं. पन बायांना राग येतो. कोपराला लावून घरी पाठवती, आमी काय कोपराचं फेशियल करायला आलो का, असं म्हनून पलीकडच्या पार्लरात जात्यात. जा बाई.

आन् त्या मोबाइलनं तर माझं डोकं उठवलंय. कुनी लिंबू आन् खायचा सोडा लावून येती, कुनी पुटकुळीला टूथपेस्ट फासती. परवा एक कॉलेजची पोर पिशवीत सात बाटल्या घेऊन आली, म्हनली, ताई, तोंडावर पुरळ उठलंय. म्हनलं, यातलं काय लावलं? म्हनली, समदं. सकाळी चार, रातच्याला तीन. आता सांगा, पंपात सात औषधं एकत्र ओतली आन् पीक जळलं तर कुठल्या दुकानदाराच्या दारात जाऊन भांडनार? बाटलीवर काय लिवलंय ते वाचलंस का म्हनलं, तर म्हनली, अक्षर लई बारीक हाये. रील बघायला बरं दिसतं. तुमी बी हसू नका भाऊ, दाढी केल्यावर कायतरी लावताय तुमी, मानंवर पुरळ दिसतंय मला मघापास्नं.

पन परक्याचं किती मनाला लावून घ्यायचं? माझ्या घरातच झालं की. धाकट्या जावेची पल्लवी, माझ्या मांडीवर वाढलेली. रंगानं सावळी, पन कातडी अशी नितळ की मी तिला कधी पावडर बी लावू दिली न्हाई. लग्न जमलं नारायनगावात. बघायला आले तवा पोराची आई जाता जाता म्हनली, पोर गुनाची हाये, जरा उजळ असती तर सोनं व्हतं. झालं, तेवढं एक वाक्य जावेच्या डोक्यात बसलं. फोनवरच्या कुठल्या ग्रुपमधनं तिनं क्रीम मागवली. पांढरी डबी, वर नाव न्हाई, आत काय हाये ते न्हाई, कधी बनवली ते बी न्हाई. मला पत्ताच न्हाई, मी सकाळी मंचरला जानार, अंधार पडल्यावर येनार.

दहा दिवसांत पोर गोरी झाली. आजूबाजूच्या बाया म्हनायला लागल्या, पल्लवी, काय लावतीस गं. मी इचारलं तवा जावेनं डबी दाखवली, अशी मिरवत. म्हनलं, अगं, ज्याच्यावर करनाऱ्यानं आपलं नाव घालायची हिंमत केली न्हाई ते तू पोरीच्या तोंडाला लावतीस? शेन्या-गवऱ्या घेताना सुदिक कुनाच्या हायेत ते इचारतीस तू. तर जाऊ म्हनली, तुमच्या पार्लरात जे सोळा वर्सांत झालं न्हाई ते दहा दिवसांत झालं, म्हनून जळतंय तुमाला. जळतंय. मला.

लग्नाला तीन आठवडे व्हते. मी पोरीला बाजूला घेऊन शपथ घातली, तिनं ऐकलं, त्याच दिवशी बंद केलं. आन् तिसऱ्या दिवशी तोंड उठलं. लालभडक, बारीक बारीक फोड, वारा लागला तरी आग. जाऊ अंगनात उभी राहून समद्या आळीला सांगती, हिनंच बंद करायला लावली, हिनंच वाटोळं केलं. खरं सांगते, मला बी वाटलं, माझ्या हातनं दुसरी नवरी गेली.

मंचरच्या कातडीच्या डॉक्टरकडं नेली. त्यांनी डबी उलटीपालटी केली, वास घेतला, म्हनले, यात बहुतेक स्टिरॉइड हाये, आधी रंग उजळतो मंग कातडी पातळ व्हती, आन् सोडलं की असं उसळतं. बंद केलं ते बरंच केलं, पन आधी माझ्याकडं आनायला पायजे व्हतं. तेवढी माझी चूक, मी ती मान्य करते. डॉक्टर म्हनले, मी देतो तेवढंच लावायचं, बाकी तोंडाला काय बी न्हाई, हळद सुदिक न्हाई.

हळद सुदिक न्हाई. हे आता कुनी कुनाला सांगायचं?

नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन करवल्या आल्या, संगं पोराची आई. वाटीत हळद, त्यात तेल, अत्तर आन् काय काय. वाजंत्री थांबलेली. मी पाटाच्या म्होरं उभी राहिले, म्हनलं, पायाला लावा, हाताला लावा, तोंडाला न्हाई. ती बाई म्हनली, हळद कधी कुनाला बाधली का, आमच्यात असला अपशकुन चालत न्हाई. जाऊ मला मागनं ओढती, व्हा बाजूला, लग्न मोडंल. पल्लवी पाटावर मान खाली घालून बसलेली. मी हलले न्हाई.

तवा माझे दीर उठले. मानूस कधी बायकांच्यात बोलत न्हाई. म्हनले, विहीनबाई, औंदा नवं तननाशक आनलं, दोन सऱ्यांवर मारून बघितलं, दोन्ही सऱ्या गेल्या, वावर वाचलं. पोरीच्या तोंडावर मातुर घरच्यांनी काय बी न बघता मारलं. आता पुन्यांदा नको. पायाला लावा. माझ्या मनात आलं, भाऊजी, एवढं कळत व्हतं तर महिनाभर कुठं व्हतात? पोराच्या आईनं वाकून पायाला हळद लावली.

आता वर्स व्हत आलं. पल्लवीचा रंग व्हता तसा सावळा झाला, उन्हात गेली की गाल अजून लाल व्हत्यात, डॉक्टर म्हनले वेळ लागंल. जाऊ माझ्याशी बोलती, पन डबीचं नाव काढत न्हाई. गेल्या महिन्यात पल्लवी सासूला घेऊन पार्लरला आली. सासूनं पिशवीतनं नवी क्रीम काढली, पुन्याहून कुनीतरी दिलेली, म्हनली, ताई, ही लावून द्या तोंडाला. मी तोंड उघडनार, तेवढ्यात पल्लवीनं सासूचा हात धरला, बाही वर सारली, वळीत वाटान्याएवढं लावलं, माझ्या टेबलावरचा पेन घेऊन गोल काढला, म्हनली, आई, चार दिस रोज इथंच लावायचं, मंग बघू. सासू मला म्हनती, आमची सून लई आगाऊ हाये हो. मी फडकं घेऊन आरसा पुसत बसले, स्वच्छच व्हता आरसा.

पन म्हनून जग सुधारलं का? तुमी यायच्या अर्धा तास आधी एक बाई चिडून गेली, उद्या साखरपुडा आन् आज नवं फेशियल पायजे. गेली पलीकडं. जाऊं दे, तिचं तोंड सुखरूप राहूं दे, मी तरी किती जनींच्या म्होरं आडवी पडू. समद्या लेकी सुखात राहू द्या बाबा. देवानं कोपरं दोन दिल्यात, तोंड एकच दिलंय.