देणगीतले तीस फोन

"हॅलो? … हो, बोल बेबी. … नाही गं, घाई कसली, नेहमीची शाळा चालू आहे. … आला, आला तुमच्या कंपनीचा फलक. दारापेक्षा मोठा निघाला. आडवा करून आत घेतलाय, आता मुलं त्याच्याखालून वाकून ये-जा करतायत."

ताईनं फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला आणि दोन्ही हात मोकळे केले. समोर टेबलावर तीस खोकी रचलेली होती. न बोलणाऱ्या मुलांची ही शाळा. मुलांना ऐकू यायचं, कळायचं सगळं, फक्त तोंडातून शब्द फुटायचा नाही. ताई अकरा वर्षं इथं शिकवत होती. तिची धाकटी बहीण, घरात बेबी आणि बाहेर एका बड्या फोन कंपनीची जनसंपर्क अधिकारी, तिनंच खटपट करून शाळेला हे तीस कोरे फोन देणगीत मिळवून दिले होते. अकरा वाजता कंपनीचे साहेब ते जातीनं वाटायला येणार होते.

"मुलांच्या हातात? … अगं ऐक ना. … हो, हो, फोटो कळला मला, साहेब मध्ये, मुलं दोन्ही बाजूंना. … बेबी, आधी ऐक. हे फोन चालत नाहीत. … तसं नाही गं! लागतात, उजेड पडतो, गाणंसुद्धा म्हणतात. आमच्या कामाचे नाहीत."

पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. ताईनं तेवढ्यात एका मुलाच्या गळ्यातल्या पट्ट्याची गाठ सोडवली. शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक जुना फोन असायचा. त्याच्या पडद्यावर बारा चित्रं, बाकी काही नाही. पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवलं की फोन म्हणायचा, 'पाणी'. तसंच 'भूक लागली', 'थांबा', 'नको', 'डोकं दुखतंय'. ही मुलांची वाचा. त्यासाठी ताई जुन्या फोनमधली कंपनीची प्रणाली पार पुसून टाकायची आणि तिथं दुसरी भरायची.

"दुसरी म्हणजे लोकांनी बनवलेली. हौशी लोक असतात गं, जगभर. आमच्या मॉडेलची तो घुबड बनवायचा. … अगं तोच, ज्याला मी चार वर्षं पत्रं लिहितेय. … नाही, भेटलो नाही. … लग्न? बेबी, त्यानं नाव घुबड घेतलंय. बाई आहे की बुवा, तेही मला ठाऊक नाही! … हो, त्याचंच परवा पत्र आलं. या नव्या मॉडेलपुढे आपण हात टेकले म्हणतोय. का म्हणजे? तुमच्यामुळे."

…

"सोर्स कोड. … तुमच्याच धंद्यातला शब्द, आणि मला विचारतेस? फोनच्या आत जे लिहिलेलं असतं ना, स्पीकर कसा उघडायचा, पडद्यानं बोट कसं ओळखायचं, ते. आधी कंपनी ते सगळं उघड करायची. त्यावरून ही माणसं आपली प्रणाली बांधायची. आता ते देणं बंद. वर बूटलोडरला कुलूप. … बूट नाही गं बाई. फोन जागा होताना पहिलं दार उघडतं, ते. त्याला कुलूप, आणि किल्ली कंपनीच्या कमरेला. सासूबाई बऱ्या!"

ती हसली, पण पलीकडे कुणी हसलं नसावं.

"सुरक्षितता? … हो, हो, वाचलं ना तुमचं निवेदन, माझ्यासमोरच आहे. ऐक हं. 'खुल्या विचारांशी असलेली आमची बांधिलकी अधिक दृढ करण्यासाठी आम्ही सोर्स कोड प्रसिद्ध करणे थांबवीत आहोत.' काय वाक्य आहे! दार उघडं ठेवायची इतकी आवड की भिंतच बांधली. … बेबी? … हे तूच लिहिलंयस ना? … गप्प का? मी दोन ओळींतच ओळखलं. सहलीच्या निबंधात तू निसर्गाशी नातं अधिक दृढ केलं होतंस, आणि बसमधून उतरलीसुद्धा नव्हतीस. … बरं, बरं, तुझी नोकरी आहे. मी कुठं नाही म्हणतेय?"

वर्गातून कुणीतरी 'थांबा, थांबा, थांबा' असं दाबत होतं. ताईनं मान वळवून डोळे वटारले. आवाज थांबला.

"अर्ज? केला की. तुमच्या संकेतस्थळावर आहे ना ती सोय, कुलूप काढून मिळण्याची. आधी तीस दिवस थांबा. मग परीक्षा द्या. … थट्टा नाही, परीक्षा! वीस प्रश्न. उत्तीर्ण झालात तर वर्षाला एका माणसाला एक फोन उघडून मिळेल. म्हणजे तीस फोन उघडायला मला तीस वर्षं. तोवर ही पोरं चाळिशीला टेकतील आणि मी फोटोत असेन. … ॲप? तुमचं ते बोलकं ॲप? टाकलं ना काल. अगं, ॲप म्हणजे पोटभाडेकरू. खालचं घर तुमचंच. फोन लावला की खातं मागतो, वय मागतो, बोट जरा सरकलं की बातम्या. पोराच्या घशाला कोरड पडलीय आणि हा विचारतोय, आमच्या सेवेला किती तारे देणार!"

मग ताईचा आवाज थोडा खाली आला.

"भिंगरीला दिला होता एक, सकाळी. … भिंगरी गं, नऊ वर्षांची, एका जागी ठरत नाही ती. तिनं पेल्यावर बोट ठेवलं. तर पडद्यावर नवे वॉलपेपर आले. पुन्हा ठेवलं, तर तुमची ती मदतनीस बाई जागी झाली आतली. म्हणते, 'मला ऐकू आलं नाही. कृपया स्पष्ट बोला.' … हो. न बोलणाऱ्या मुलीला. तीनदा. … काय करणार? बघत राहिली माझ्याकडे. मग उठली, पिंपाचं झाकण काढलं आणि फोन पाण्यात सोडला. … रागानं नाही गं, शांतपणे. तिला पाणी हवं होतं, तिनं कळवलं. … चालतोय ना! बाहेर काढला तर आतूनच म्हणाला, 'कृपया स्पष्ट बोला.' तेवढी तुमची जाहिरात खरी आहे हं, भिजत नाही म्हणून."

हसता हसता ताईनं कपाटाकडे पाहिलं. आत बंद पडलेले जुने फोन होते. अठ्ठाविसातले अकराच चालू उरले होते, त्यातल्या चारांच्या बॅटऱ्या फुगून पाठीला कुबड आलेलं. वर्गात मुलं अठ्ठावीस. एक फोन तिघांत फिरायला लागला होता, म्हणजे एकानं 'पाणी' म्हणेपर्यंत बाकीच्या दोघांनी मुकं बसायचं.

"नुसते फोटोपुरते धरू? … आणि फोटोनंतर काय करू त्यांचं, पेपरवेट? … रडू नकोस. बेबी, रडू नकोस गं, मी तुला बोलत नाहीये. … म्हणजे बोलतेय, पण तुला एकटीला नाही. … थांब, दारात गाडी वाजली. … अगं, आले तुझे साहेब! अर्धा तास आधी! … नाही, ठेवू नकोस. राहा तशीच."

तिनं फोन कानालाच ठेवला. पाच-सहा माणसं फलकाखालून वाकून आत आली, त्यात साहेब सगळ्यांत उंच. कॅमेरावाला उलटा चालत होता. कुणी ताईला विचारलंच नाही. एका मदतनिसानं खोकं फोडलं, साहेबांच्या हातात फोन दिला आणि साहेब गुडघ्यावर बसले ते नेमके भिंगरीसमोर.

"बसले गं खाली," ताई फोनवर कुजबुजली. "भिंगरीपुढेच. … मी नाही बसवली, तिथंच होती ती. … हातात दिला. आता म्हणतायत, बोल बाळा, बोल. … खरंच. अगदी हेच शब्द."

भिंगरीनं बोट ठेवलं. फोननं गोड आवाजात सांगितलं, 'मला ऐकू आलं नाही. कृपया स्पष्ट बोला.' साहेबांनी हसून एक बटण दाबलं. 'कृपया स्पष्ट बोला.' साहेबांनी दुसरं दाबलं. आवाज वाढला. मदतनीस धावला, त्यालाही तो बंद करता येईना. कॅमेरा चालूच. भिंगरीनं एकदा साहेबांकडे, एकदा त्या फोनकडे पाहिलं आणि आपल्या गळ्यातला चरा पडलेला फोन उचलून त्यावर बोट टेकवलं.

'डोकं दुखतंय.'

सगळी खोली हसली. कॅमेरावाल्याचा हात हलला. साहेबही हसले, जरा उशिरा.

"ऐकलंस? … हो, तीच म्हणाली. … थांब, ते इकडे येतायत. … नमस्कार साहेब. … हा? हा तुमचाच आहे, सात वर्षांपूर्वीचा. … आतलं तुमचं नाही, आतलं आम्ही भरलंय. … नव्यात का नाही भरलं? तुम्ही भरू देत नाही म्हणून, साहेब. … कुणी म्हणजे? निवेदनावर सही तुमची आहे."

साहेबांनी मान डोलावली. मदतनिसाकडे वळून, यात लक्ष घाला, असं म्हणाले. मदतनिसानं ते टिपून घेतलं. ताईनं आयुष्यात बरीच लक्षं घातलेली पाहिली होती. आता तिचं हसू ओसरलं. तिला वाटलं, तीसही खोकी उचलावीत आणि गाडीत नेऊन टाकावीत. ती भिंतीकडे वळली.

"बेबी, मी परत देणार हे सगळे. … तुझ्या नोकरीचं मला कळतं गं, पण मुलांना कशाला शोभेला उभं करू? तू एवढं छान लिहितेस, एकदा माझ्यासाठी लिही ना. तीस फोनांची किल्ली द्या, एवढंच. … नाही देणार? … खात्री आहे तुला. … बरं. निदान खरं तरी बोललीस."

पलीकडे बेबी हळू आवाजात काहीतरी सांगत होती. सांगताना थांबत होती, पुन्हा सुरू करत होती.

"काय? … पुन्हा सांग. … गोदामात? … लोकांनी बदलून नवे घेतले ते? … आमचंच मॉडेल? बेबी, नीट बघून सांग, पाठीमागे गोल कॅमेरा आहे का? … किती? … दोनशे साठ! … आणि शुक्रवारी यंत्रात घालून भुगा? कशासाठी? … पर्यावरणासाठी! वा! … नाही, हसत नाहीये. थांब, हसू दे मला जरा."

तिनं भिंतीला पाठ टेकली.

"अगं काच फुटलेली चालेल. पाठ नसली तरी चालेल. ते कुलपाआधीचे आहेत, उघडतात. घुबडाचं जुनं सगळं माझ्याकडे उतरवून ठेवलंय. … कायमचे नाही पुरणार, कळतं मला. पाच वर्षं, ओढूनताणून सहा. त्यानंतरचं त्यानंतर. … चोरी कसली? भंगाराच्या यादीत आहेत ना? … मग भंगार शाळेला द्यायला काय लागतं? … सही? कुणाची? … अगं, तो माणूस इथं माझ्यासमोर उभा आहे. पाठव कागद. त्या मदतनिसाच्या फोनवर पाठव, लगेच. … घाबरतेस काय? तूच पाठवतेयस असं दिसेल, हो. दिसू दे."

ताई मदतनिसाकडे बघत उभी राहिली. मग खोलीच्या त्या टोकाला मदतनिसाचा फोन वाजला.

"आला. … शाबास गं माझी बाई. फोन धर आता."

ताई सरळ साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, एवढी एक सही हवी होती. तुमचे जुने फोन, भंगारातले. शाळेला. … कुलूप नको उघडायला, काही नको. … हो ना, तुम्हाला काय तोटा? भुग्याची मजुरी वाचते. … फोटो? काढा की. भिंगरे, इकडे ये, साहेबांच्या शेजारी उभी राहा. … बोटानंच करा सही, पेन नाही लागत."

साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघत पडद्यावर बोट फिरवलं. आजच्या सकाळचा एक तरी बरा फोटो मिळाला म्हणून कॅमेरावालाही खूश झाला. ताईनं फोन पुन्हा कानाशी धरला.

"झाली. … हो, झाली गं! … कुणी वाचलं नाही, काळजी करू नकोस, वाचायची त्यांना सवय नाही. … आता ऐक. शुक्रवारची वाट बघायची नाही, आत्ता गोदामात जा. पहारेकऱ्याला सहीचा कागद दाखव. … तू स्वतः, हो. दुसऱ्या कुणाला पाठवलंस तर तो भुग्याच्या गाडीतच घालेल. … आणि चार्जर दिसतील तेही उचल. … तुझ्या त्या छोट्या गाडीत काय मावणार? मोठी गाडी आण. … ठेवते. अगं निघ आधी!"