चिमाजीची इंजिनवाली सायकल

नाही, पण मी म्हणतो, जीप होती ना! सिन्नरच्या स्टँडसमोरून ठाणगावची जीप भरली की सुटते, भरली की सुटते, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, आणि भरायला वेळ तरी किती लागतो हो, ड्रायव्हर किशोर माणसं अशी बसवतो की चौदावा चढल्यावर पहिल्या तेरा जणांना कळतं, अरे, आपल्याला अजून जागा होती! त्या जीपमध्ये बसायचं, पाऊण तासात सहादूच्या वस्तीवर उतरायचं, आजारी दोस्ताला डोळे भरून बघायचं, चहा प्यायचा, परत यायचं. झालं! पण नाही. आमच्या चिमाजीला जायचंय कशावरनं? तर सायकलवरनं! बरं, साध्या सायकलवरनं नाही, इंजिन बसवलेल्या सायकलवरनं! आणि ते इंजिन बसवणार कोण? तो स्वतः! आणि त्याचा धूर जाणार कुणाच्या नाकात? माझ्या!

तुम्हाला सांगतो, माझं टेलरिंगचं दुकान आणि चिमाजीचं घर, मध्ये एक भिंत. तीसुद्धा चार इंची. त्याच्याकडे फट् झालं की माझ्याकडे खडूची रेघ वाकडी. चार महिने! चार महिन्यांत मी जेवढे शर्ट शिवले ना, त्यांतल्या एकाचीही कॉलर सरळ असेल तर मला दाखवा.

आता चिमाजी कोण ते ऐका. माणूस सोन्यासारखा, झुपकेदार मिशी, आणि कानानं ठार... ठार नाही म्हणत मी, पण कानाशी फटाका वाजवलात तर ‘कोन हाय?’ म्हणेल इतपत. बत्तीस वर्षं कारखान्यात प्रेसशॉपला काढली. प्रेसशॉप म्हणजे पत्र्यावर दिवसभर धाड... धाड... धाड. तिथे शेजारच्या माणसाला हाक मारायची सोय नाही, मग ही माणसं हातानं बोलायची. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन बोटं कॉलरला, साहेब आला. मूठ फिरवली, स्क्रू आवळ. माणसांच्या नावांच्यासुद्धा खुणा! सहादू म्हणायचं तर कानाची पाळी ओढायची. का? तर सहादूचा कान! चालत्या मशीनचा आवाज ऐकून तो सांगायचा, तिसऱ्या प्रेसचं बेअरिंग जाणार, परवा जाणार. आणि परवा जायचं! त्यातनं गडी डावरा, त्यामुळे खुणाही सगळ्या डाव्या हातानं, नवीन पोरं गोंधळायची.

हे दोघं बत्तीस वर्षं सायकलनं कारखान्यात गेले. जोडीनं. समोरून वारा असायचा, चढ असायचा, आणि चढावर सहादू म्हणायचा, ‘चिमा, रिटायर झालो की ह्याच सायकलला इंजिन लावू. आन् पायडल न मारता माझ्या वस्तीपतुर जाऊ.’ बोलतात हो माणसं असं. मी पण लग्नात बायकोला काय काय बोललो होतो. कोण लक्षात ठेवतं?

हा ठेवतो ना!

सहादू रिटायर झाला, ठाणगावकडं वस्तीवर राहायला गेला. आणि ह्या संक्रांतीनंतर त्याचा मुलगा नवनाथ याचा फोन आला. वारं गेलं अंगावरनं. उजवी बाजू लुळी, जीभ लुळी. कळतं सगळं, बोलता येत नाही. फोन घेतला कुसाबाईनं, म्हणजे चिमाजीच्या मंडळींनी, कारण चिमाजीला फोन देणं आणि भिंतीला देणं सारखंच. तिनं ओरडून सांगितलं. गल्लीला आधी कळलं, मग चिमाजीला. तो मटकन खालीच बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याकडं गेला आणि औषध फवारायच्या पंपाचं एक जुनं इंजिन घेऊन आला.

मी म्हटलं, ओरडूनच म्हटलं, “चिमाजी! जीप हाये ना!”

तर म्हणतो, “मास्तर, मोकळ्या हातानं जाऊन करू काय? तो मुका, मी बहिरा. दोघांनी एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसायचं? त्याचा तर हातबी गेला म्हनत्यात. हे इंजिन घिऊन गेलो तर निदान त्याच्या मनात काय तरी वाजंल.”

मी खडू उचलला.

आणि मग सुरू झालं बघा! इंजिन बसवलं सायकलच्या मधल्या नळ्यांत, तर गुडघे लागायला लागले. मागं कॅरिअरवर बसवलं, तर सायकल घोड्यासारखी पुढनं उचलायला लागली. पुन्हा मध्ये. गुडघे बाहेर काढून चालवायची ठरली. चेन लावली, ती उतरली. दुसरी लावली, ती धोतरात गेली. होय, धोतरात! कुसाबाई दारात उभी राहून म्हणते, “अजून काय काय अडकवायचं ऱ्हायलंय तेवढं सांगा, म्हंजी मी आधीच फडकी काढून ठिवते!”

पण खरी गंमत पुढंच. गंमत कसली, रडगाणं. इंजिन सुरू व्हायचं, पण सुरात लागेना. त्याला एक हवेचा स्क्रू असतो, पितळेचा, एवढासा. पाव फेरा इकडं फिरवला तर इंजिन धूर ओकतं, पाव फेरा तिकडं फिरवला तर चढावर जीव सोडतं. तो स्क्रू लावायचा कानानं. कानानं! आणि ह्या माणसाला कान कुठनं आणायचे? मग त्यानं काय करावं? सीटवर पाण्याचा पेला ठेवला आणि पाण्यातल्या थरथरीकडं बघत स्क्रू फिरवायला लागला. इंजिन भडकलं, पेला उडाला, तो दारातनं थेट माझ्या दुकानात, एका नवरदेवाच्या शेरवानीवर. मग म्हणे, “मास्तर, तुमी ऐका. कसं वाजतंय?” मी म्हटलं, “वाईट.” म्हणे, “वाईट म्हंजी कसं वाईट? जाड का बारीक?” अहो, मी शिंपी आहे! मला कापड जाड का बारीक ते कळतं!

पण जीप होती ना! रोज, माझ्या डोळ्यांदेखत, दुकानासमोरून जायची ठाणगावची जीप. किशोर हॉर्न वाजवायचा. हा मान वर करायचा नाही.

आणि इथं एक गोष्ट झाली, ती मला सांगायला जड जाते, पण सांगतो. नवनाथचा फोन आठवड्याला यायचा. माझ्या दुकानात बसून कुसाबाई तो मोठ्या आवाजात लावायची. एकदा नवनाथ म्हणतो, “मावशी, बाबांचा डावा हात चालतो थोडा, पण सारखा ओठावर नेत्यात. मिशी टोचत आसंल.” पुढच्या आठवड्यात, “न्हाव्याला बोलावून मिशी बारीक केली, तरी हात ओठावरच.” त्याच्या पुढच्या आठवड्यात, “साफ काढून टाकली मिशी. तर बाबा रडले हो, मावशी. आन् हात परत ओठावर.” मग ओठाला तूप लावलं. मग दात दुखत असेल म्हणून डॉक्टरला दाखवलं.

फोन ठेवला की चिमाजी भिंतीपलीकडनं यायचा, हात काळे. “काय म्हनला नवनाथ?” आणि कुसाबाई दमलेली असायची हो, दिवसभर त्याच्याशी ओरडून ओरडून. ती म्हणायची, “बरे हायेत!” तेवढंच. बहिऱ्या माणसाच्या वाट्याला नेहमी गोळाबेरीज येते. मी पण होतो ना तिथं? मला पण तोंड होतं. मी पण कधी सांगितलं नाही. कोण ओरडणार, म्हटलं.

असो.

वैशाखात एका सकाळी चिमाजी निघाला. इंजिन सुरात नव्हतंच, पण म्हणाला, “आता आजून थांबलो तर लाज वाटंल.” कुसाबाईनं डब्यात शेंगोळे दिले, सहादूला आवडतात म्हणून. गल्ली सगळी बाहेर. दोरी ओढली, भुर्र... फट्... भुर्र... आणि गुडघे दोन बाजूंना फाकवून आमचा चिमाजी निघाला, मागं निळा धूर. आणि मी? मी का गेलो असेन, सांगा बरं? काळजी! दुसरं काय! दुकानाला कुलूप लावलं आणि जीपमध्ये बसलो. होती ना जीप!

डुबेऱ्याच्या पुढं चढ लागतो, तिथं गाठला आम्ही त्याला. इंजिन फडफडतंय, पुढं ओढत नाही, आणि हा सत्तरीकडं झुकलेला माणूस पायडल मारतोय. म्हणजे इंजिन ह्याला नेत नव्हतं, हा इंजिनाला नेत होता! किशोरनं जीप हळू केली, “मामा, टपावर टाका की सायकल!” ऐकू आलं तर ना! मी खिडकीतनं हात हलवला. त्यानं आपला नमस्कार केला, कुणीतरी ओळखीचं असेल म्हणून, आणि घाम पुसून परत पायडल.

मी आधी पोचलो. सहादू पडवीत बाजेवर. अहो, ओळखलाच नाही मी त्याला. मिशी नाही, गाल आत गेलेले. सून तेजल पाणी घेऊन आली, मी घोट घेतला, आणि तेवढ्यात लांब, वळणावर... भुर्र... फट्... भुर्र... फट्...

सहादूचे डोळे उघडले. डावा हात उठला आणि हवेत वळायला लागला. असा... असा... तेजलच्या हातातला तांब्या पडला. “आवो! बाबांना झटका आला! हात वाकडा व्हायला लागला!” ती नवनाथला बोलवायला धावली, नवनाथ गोठ्यातनं धावत आला, माझं तर तोंडचं पाणी पळालं. आणि ह्या गोंधळात चिमाजी अंगणात शिरला, सायकल चालूच, पाय थरथरतायत, आणि त्यानं सहादूकडं बघितलं.

बघितलं आणि थांबला.

“आरं, झटका न्हाय त्यो,” चिमाजी म्हणाला. “त्यो सांगतोय, हवा जास्त झाली.”

आणि खिशातनं स्क्रूड्रायव्हर काढून खाली बसला. सहादूनं बोट वळवलं, ह्यानं स्क्रू वळवला. पाव फेरा. सहादूचा पंजा उघडला, म्हणजे थांब. ऐकतोय. डोळे मिटून ऐकतोय हो तो! मग बोट किंचित मागं. अर्ध्या पाव फेऱ्यानं मागं. चिमाजीनं तेवढाच स्क्रू मागं घेतला, आणि तुम्हाला सांगतो, चार महिने माझं डोकं खाणारं ते इंजिन... गायला लागलं. एकसारखं. धूर नाही, फडफड नाही. मला शिंप्यालासुद्धा कळलं! एकाला ऐकू येत नाही, एकाला बोलता येत नाही, आणि दोघांनी मिळून ते इंजिन लावलं. मी तर आकाशाकडं बघत होतो, डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

मग सहादूचा हात परत ओठावर गेला. तेजल म्हणाली, “हे बघा. चार महिनं झाले, हेच चाललंय. मिशी काढली तरीबी...”

चिमाजीला ते ऐकू आलं नाही. पण त्यानं तो हात बघितला. ओठावरनं बोट फिरवायचं, मिशीला पीळ दिल्यासारखं. आणि मग रिकामा पंजा वर, समोर. परत ओठावर बोट. परत रिकामा पंजा.

चिमाजीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर गळून पडला. स्वतःच्या मिशीला हात लावून तो म्हणाला, “हे... हे माझं नाव हाय. प्रेसशॉपला मला असंच बोलवायचा ह्यो. चार महिनं इचारतोय, चिमा कुठंय.”

चार महिने न्हावी आला, डॉक्टर आला, तूप आलं. ज्याचं नाव होतं, तेवढा एकच आला नाही. तो भिंतीपलीकडं पेल्यातलं पाणी बघत बसला होता. आणि ज्यांना ऐकू येत होतं, ते आम्ही ‘बरे हायेत’ म्हणत होतो. जीप होती ना! मला पण होती!

चिमाजी बाजेवर डोकं टेकून रडला. मोठ्यानं रडला, आपला आवाज किती मोठा आहे ते त्याला कळतच नाही. सहादूनं डाव्या हातानं त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. मग इंजिनकडं बोट केलं, बोट जमिनीकडं वळवलं, म्हणजे हे इथंच ठेव. आणि मग बाजेच्या पाटीवर दोनदा थाप मारली. धप् धप्. किशोर नाही का, माणसं भरली की जीपच्या पत्र्यावर मारतो, तशी. मला वाटलं, हात आपटला. चिमाजी रडता रडता हसायला लागला.

“काय म्हणतोय?” मी खुणेनं विचारलं. मला पण यायला लागलंय आता थोडं.

“म्हनतोय, उंद्या जीपनं ये.”

तर असं आहे. ती सायकल तेव्हापासून सहादूच्या पडवीत स्टँडवर उभी आहे, मागचं चाक अधांतरी. चिमाजी रोज सकाळी जातो, दोरी ओढतो, सहादू ऐकतो, बोट वळवतो, हा स्क्रू वळवतो. परवा मी म्हटलं, ओरडूनच म्हटलं, आता मी सगळं पूर्ण सांगतो त्याला, घसा बसला तरी, “चिमाजी, इंजिन तर त्याच दिवशी सुरात लागलं होतं. रोज काय दुरुस्त करता?”

तर इकडंतिकडं बघून माझ्या कानाशी आला आणि त्याला वाटलं हळू, पण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मास्तर, रोज निघताना पाव फेरा बिघडवून येतो.”

बघा! माझ्या चार महिन्यांच्या झोपेचं खोबरं करून जे इंजिन बांधलं, ते आता हा रोज मुद्दाम बिघडवायला जातो. आणि जातो कशानं? जीपनं!