घागरीचा पाइप

१९५३ साली नळाच्या अर्जासाठी पालिकेच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढं एक नवरा-बायको होते.

“लोखंडी पाइप गंजतोय म्हणत्यात. आपण तांब्याचा घालूया.”

“तांबं कुठनं आणायचं?”

“घागर हाय की. तांबटाकडनं मोडून पाइप करून घिऊ. नळ आल्यावर घागर कशाला पायजे?”

“ती न्हाय मोडायची.”

“अगं, तुझ्यासाठीच म्हणतोय. तिच्यावर हौसाचं नाव हाय. ती गेली, तू आलीस, तवापास्नं पयलीच्या नावाची घागर वाहतीयास.”

“व्हय. वीस वर्सं झाली. पयल्याच दिवशी पंचगंगेच्या घाटावर माझा पाय घसरला, तर बायका वराडल्या, ‘हौसाक्काची घागर हाय, जप!’ तवापास्नं जपतीया.”

“चिंच लावून घासतीयास रोज. नाव कवाच गेलं असंल.”

“न्हाय गेलं. नावावर मी चिंच लावतच न्हाय. तेवढं नुसत्या बोटानं पुसती.”

तेवढ्यात खिडकीतनं कारकुनानं विचारलं, “पाइप कसला लिहू?”

नवराच म्हणाला, “लोखंडी लिवा, सायेब. आनि नळ जरा उंच बसवाय सांगा. खाली घागर बसाय पायजे.”