अनोळखी वायर

त्या दिवशी, बघा, वडगावात सकाळपासून बारीक भुरभुर होती, आणि आमचा माग गप्प होता. शेजारच्या आप्पांनी बायकोसाठी साडी सांगितलेली, काठ तिच्या लग्नातल्या साडीसारखाच हवा म्हणून. कॉम्प्युटरातली नक्षी मागाला पोचवायची वायर नवी आणली, तिला मी हळदकुंकूही लावलं. तरी माग हलेना.

सून म्हणाली, "मामा, वायर चांगली हाय. कॉम्प्युटरातलं लिनक्स तिला ओळखत न्हाय."

"मग गं?"

"तिचा नंबर सांगायचा, अन् ही आपल्यातलीच म्हणायचं."

"एवढंच?"

"व्हय."

तिनं दोन ओळी लिहिल्या. माग हळूच जागा झाला, काठावर एकेक रुईफूल उमलू लागलं. मागाचा आवाज ऐकून आप्पा आले, काठ निरखत बसले. मग म्हणाले, "अण्णा, बायको मला ओळखत न्हाय आता. हा काठ तरी ओळखंल."