नळ चाटणारी बकरी

ट्रेंडिंगचं मले नको सांगू बापा! सिंदी मेघेत आमच्या गल्लीत नळाले पाणी नव्हतं. कोरड्या नळाचा फोटो टाकला, तं लाइक एकच, तेही बायकोचं. मंग वंदनाकाकूची बकरी तोच नळ चाटून राह्यली होती, त्याचा व्हिडिओ टाकला. अख्खा जिल्हा बकरीवरच बोलून राह्यला! पाणीवाले साहेब गाडी घेऊन हजर.

"बकरी कुठी हाय?"

काकू म्हणे, "तहानली हाय बिचारी."

संध्याकाळी टँकर आला. आम्ही गुंड-बादल्या घेऊन धावलो, तं ड्रायव्हर म्हणे, "आधी बकरी पिईन. साहेबाले व्हिडिओ पाठवाचा हाय."

बकरी पिईच ना! अख्खी गल्ली हात जोडून, "पे वं माय!"

आता रस्त्यात खड्डा पडला, तं आम्ही अर्ज नाई करत. बकरीले नेऊन त्यात उभी करतो.